पेरूची बाग आणि सायडरची बाटली

शिर्डीहून राहात्याकडे जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यावर हंगामात पेरूचे ढीग लागलेले दिसतात. राहात्याचा पेरू हे या परिसराचे भूषण आहे. साईबाबांच्या दर्शनाला आलेले भाविक परतीच्या वाटेवर गाडी थांबवतात आणि टोपलीभर पेरू घेऊन पुढे जातात. ज्या घरात ती टोपली दोन दिवस विसरून राहते, त्या घराला आणखी एक गोष्ट ठाऊक होते. पिकलेल्या फळाचा गंध हळूहळू पालटतो. त्यात किंचित आंबूस, किंचित उग्र अशी झाक येते. कुणी काही केलेले नसते. फळातील साखर आणि त्याच्या सालीवर वावरणारे किण्वजीव यांनी आपले काम आरंभिलेले असते. फळाला आंबण्यासाठी माणसाची परवानगी लागत नाही. त्या आंबण्याचे काय करायचे, हे मात्र माणसाला ठरवावे लागते. नीतीचा प्रश्न तेथून सुरू होतो.

'सायडर' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आला तो औषधाच्या दुकानातून. वजन कमी व्हावे म्हणून सकाळी पाण्यात चमचाभर घ्यावयाचे ते ॲपल सायडर व्हिनेगर, एवढीच त्याची ओळख. वस्तुतः सफरचंदाचा रस आंबवून केलेले सौम्य मद्य म्हणजे सायडर. त्यात साधारणतः चार ते आठ टक्के मद्यार्क असतो. तेच पुढे हवेच्या संपर्कात आणखी आंबले, मद्यार्काचे आम्ल झाले, म्हणजे त्याचा शिरका होतो. आपण शिरक्याला आधी ओळखले आणि त्याच्या मातेला आता ओळखू लागलो आहोत. गेल्या काही वर्षांत शहरांतील तरुण वर्गात सायडर आणि त्याच्या जातीची इतर पेये यांची आवड वाढू लागली आहे. पुण्यात 2018 पासून 'मूनशाइन' या नावाने मध आंबवून 'मीड' नावाचे प्राचीन पेय तयार होऊ लागले. त्याच्या अगदी पहिल्या प्रकारांपैकी एक सफरचंदाचा होता. डहाणूजवळच्या बोर्डीला चिकूपासून वाइन केली जाते. नाशिकचे द्राक्षमळे आणि तेथील वायनरी तर आता सहलीची ठिकाणे झाली आहेत. शिर्डी तेथून काही फार दूर नाही. एकाच गाडीने एकाच सहलीत पहाटेची काकड आरती आणि दुसऱ्या दिवशीची वायनरी, असा कार्यक्रम आखणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत.

या नव्या आवडीची एक विशेष भाषा आहे. हे पेय कारखान्यातले नाही, ते छोट्या प्रमाणावर, हाताने, परंपरेनुसार केलेले आहे, असे बाटलीवर छापलेले असते. 'क्राफ्ट' हा इंग्रजी शब्द त्यासाठी जसाच्या तसा वापरला जातो. त्यामागे न बोललेला एक युक्तिवादही असतो: जे हाताने, निगुतीने, जुन्या रीतीने केले आहे ते चांगले आहे, आणि जे चांगले आहे ते घेण्यात वाईट ते काय? हा युक्तिवाद आता आपल्या धर्मग्रामांतील घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. तो हसून उडवून लावण्याजोगा नाही आणि डोळे मिटून स्वीकारण्याजोगाही नाही. म्हणून त्याचा थोडा शांतपणे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या परंपरेला तिचा न्याय्य मान दिला पाहिजे. फ्रान्समधील नॉर्मंडी व ब्रिटनी, इंग्लंडचे पश्चिमेकडील परगणे, स्पेनमधील आस्तुरियास आणि बास्क प्रांत येथे शतकानुशतके सायडर केले जाते. त्यासाठी लागणारी सफरचंदे आपण बाजारात घेतो त्या प्रकारची नसतात. ती पुष्कळदा इतकी तुरट किंवा आंबट असतात की नुसती खाववत नाहीत. गोड, आंबट आणि तुरट जातींचे प्रमाण साधावे लागते. फळे दळायची, त्यांचा चोथा थरांवर थर रचून दाबायचा, रस पिंपांत भरायचा आणि मग हिवाळाभर वाट पाहायची. आस्तुरियासमध्ये बाटली डोक्यावर उंच धरून, दुसऱ्या हातातील खाली धरलेल्या पेल्यात बारीक धार सोडण्याची रीत आहे; त्या पडण्याने पेयात हवा मिसळते आणि त्याचा स्वाद जागा होतो. तेथील सायडर-संस्कृतीचा युनेस्कोने डिसेंबर 2024 मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. ज्या कामात माणसाला ऋतूची वाट पाहावी लागते, जमिनीची ओळख ठेवावी लागते आणि बापाने मुलाला हाताला धरून शिकवावे लागते, त्या कामाविषयी ख्रिस्ती मनात आदरच असावयास हवा. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 मध्ये मानवी श्रमांवर जे परिपत्र लिहिले, त्याचा गाभा हाच होता की कामाची प्रतिष्ठा ते काम करणाऱ्या माणसापासून येते.

शिवाय या पेयाच्या नावाशी आपले नाते पुष्कळ जुने आहे. हिब्रू भाषेत मादक पेयाला 'शेखार' म्हणत. ग्रीक भाषेतून जाताना त्याचे 'सिकेरा' झाले, लॅटिनमध्ये तोच शब्द 'सिसेरा' असा लिहिला गेला, जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि त्याचा 'सायडर' झाला. संत लूकच्या शुभवर्तमानात देवदूत जखऱ्याला पुत्रजन्माची वार्ता देतो आणि त्या पुत्राने द्राक्षारस व इतर मादक पेय वर्ज्य करावे असे सांगतो, तेथे संत जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये हाच शब्द आहे. चौदाव्या शतकात वायक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी भाषांतरात तर त्याच जागी चक्क सायडरचे नाव आले. म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान हा, त्या जुन्या इंग्रज वाचकांच्या लेखी, सायडर न पिणारा पहिला संत होय!

परंतु योहानाने जे वर्ज्य केले ते प्रभू येशूने वर्ज्य केले नाही. गालिलातील काना गावी लग्नघरी द्राक्षारस संपला, तेव्हा सहा दगडी रांजणांतील पाण्याचा त्याने द्राक्षारस केला, आणि तोही आधीच्यापेक्षा सरस. लोकांनी योहानाला पिसाट म्हटले आणि येशूला खादाड व मद्यपी म्हटले, ही तक्रार प्रभूने स्वतःच केली आहे. आपली ख्रिस्तसभा या दोघांनाही मानते. त्यामुळे मद्य हे मुळातच पाप आहे असे कॅथलिक शिकवणूक कधी म्हणत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न नेमका मांडला आहे. द्राक्षारस पिणे स्वतः निषिद्ध नाही, असे ते म्हणतात. परंतु चार कारणांनी ते निषिद्ध होऊ शकते: पिणाऱ्याला त्याचा सहज अपाय होत असेल तर, त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल तर, प्रमाण सुटत असेल तर, आणि त्याच्या पिण्याने दुसऱ्याला ठेच लागत असेल तर. चौथ्या कारणाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आता मूळ युक्तिवाद घेऊ. हाताने, निगुतीने केलेले पेय चांगले. म्हणून ते घेणे चांगले. येथे 'चांगले' हा शब्द दोन वेळा आला आहे, पण दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. अक्वायनस यांनी, ॲरिस्टॉटलला अनुसरून, कला आणि विवेक यांत एक भेद केला आहे. कला म्हणजे जी वस्तू घडवायची तिच्याविषयीचे योग्य ज्ञान; विवेक म्हणजे जे कृत्य करायचे त्याविषयीचे योग्य ज्ञान. कलेने वस्तू चांगली होते, विवेकाने माणूस चांगला होतो. उत्तम सुतार उत्तम खुर्ची करतो. त्या खुर्चीवर बसून कोणी न्याय करील की लाच घेईल, हे खुर्चीच्या घडणीवरून सांगता येत नाही. तद्वत सायडर किती निगुतीने केले आहे हा कलेचा प्रश्न आहे. ते केव्हा, कोणाबरोबर, किती आणि कोणाच्या देखत घ्यावयाचे हा विवेकाचा प्रश्न आहे. बाटलीवरील चिठ्ठी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ती देऊ शकत नाही, पण तिची मांडणी अशी असते की ते उत्तरही मिळून गेले असे वाटावे. या गफलतीपासून आपण सावध राहिले पाहिजे.

'परंपरा' या शब्दाचेही तसेच आहे. इंग्लंडच्या ज्या सफरचंद-बागांची चित्रे आज इतक्या हौसेने दाखवली जातात, तेथे शेतमजुराला मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपाने देण्याची रीत होती. मजूर उन्हात गवत कापी आणि घरी पैशांऐवजी पोटात सायडर घेऊन जाई. बायकोच्या हाती मात्र त्यातले काही पडत नसे. ही रीत कायद्याने बंद व्हावयास 1887 साल उजाडावे लागले. त्याआधीच्या शतकात डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांना पोटशूळाचा एक भयंकर विकार होई, हातपाय लुळे पडत, काही दगावत. जॉर्ज बेकर या वैद्याने 1767 मध्ये दाखवून दिले की सायडरच्या घाण्यांत वापरलेल्या शिशाचे विष रसात उतरत होते. तेही सायडर हाताने केलेले होते, परंपरेनुसार केलेले होते. परंपरेत शहाणपण असते तसे तिच्यात अन्यायही असतात, आणि परंपरा विकणारा दुकानदार त्यांपैकी एकच बाजू बाटलीत भरतो.

आणि आपल्या स्वतःच्या परंपरेचे काय? महाराष्ट्रातील आदिवासी पाड्यांवर मोहाची फुले वेचून, वाळवून, आंबवून त्यांचे मद्य करण्याची रीत किती पिढ्यांची आहे हे कोणी सांगू शकणार नाही. हाताने केलेले, स्थानिक, ऋतूला धरून असलेले पेय म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पण त्याला आपण 'क्राफ्ट' म्हटले नाही. आपण त्याला हातभट्टी म्हटले, आणि मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 खाली ते करणाऱ्या बायाबापड्यांना पकडून नेले. एप्रिल 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहाफुले आणि इतर फळाफुलांपासूनच्या मद्याला उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्या मद्याला 'देशी' या वर्गातून काढून 'विदेशी' म्हणावे असे ठरले. जंगलातल्या फुलाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी कागदोपत्री परदेशी व्हावे लागले! शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये राज्याने तिला वारसापेयाचा दर्जा दिला. पूर्वी तिचा वास येतो म्हणून नाक मुरडणारे आज तिची चव कशी ओळखावी हे शिकवतात. द्रव तोच असतो, कृतीही फारशी बदललेली नसते. पेला धरणारा हात बदलतो, आणि त्याबरोबर शब्द बदलतो. गरिबाने केले तर गुन्हा आणि श्रीमंताने घेतले तर रसिकता, या हिशेबात कोठेतरी न्यायाची चूक आहे.

हातभट्टीची ही कैफियत मांडताना तिच्यातील विषाकडे मात्र आम्हाला काणाडोळा करावयाचा नाही. आपल्या जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्याचा फार कडू अनुभव आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये पांगरमल येथे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या निमित्ताने दिलेल्या जेवणावळीत बनावट दारू पिऊन अनेकांचे प्राण गेले. मत मिळवण्यासाठी पाजलेली ती दारू होती. डेव्हनच्या मजुराला मजुरीत सायडर मिळे. येथे मताच्या मोबदल्यात मरण मिळाले. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात राजाची आई आपल्या मुलाला सांगते की मादक पेय राजांसाठी नव्हे, कारण ते पिऊन राजा कायदा विसरेल आणि दीनांचा न्याय बिघडवील. आश्चर्य असे की तीच आई लगेच पुढे म्हणते, ते पेय द्यायचेच तर मरणोन्मुखाला आणि दुःखिताला द्यावे. आपण नेमके उलट केले आहे. संयमाचा उपदेश दुःखिताला करतो आणि पेल्याची मोकळीक सत्ता व संपत्ती असणाऱ्यांना देतो. अक्वायनस यांनीही तरुणांबरोबर वडीलधारे, धर्मसेवक आणि राजे यांना संयमाची अधिक गरज असल्याचे म्हटले आहे. ज्याच्या शब्दावर इतरांचे जीवन अवलंबून आहे, त्याचे डोके आधी ताळ्यावर हवे.

याच जिल्ह्याने दारूला एक निराळे उत्तरही दिले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांनी 1975 नंतर गावाच्या उभारणीचे काम सुरू केले. त्यात दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. जे ऐकेनात त्यांना खांबाला बांधून फटके देण्यात आले, हेही अण्णांनी लपवून ठेवलेले नाही. पुढे राज्यात 2008 च्या आदेशाने महिलांच्या मागणीवरून मतदान घेऊन दुकान बंद करण्याचा मार्ग अधिक स्पष्ट झाला आणि 'आडवी बाटली' ही खूण खेड्यापाड्यांतील बायकांच्या तोंडी झाली. जानेवारी 2022 मध्ये राज्य शासनाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, शेतकऱ्याच्या फळाला भाव मिळेल आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले, तेव्हा अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला. शासनाने लोकांच्या हरकती मागवल्या. फटक्यांनी देह आवरला जातो, सद्सद्विवेक घडत नाही, असे आम्हाला वाटते. संयम हा सद्गुण आहे आणि सद्गुण मोकळ्या मनानेच धारण करावा लागतो. परंतु ज्या बाईने नवऱ्याच्या हातून रोज मार खाल्ला, तिच्यापुढे हे तत्त्वज्ञान सांगताना आमचा आवाज खाली येतो, हेही कबूल केले पाहिजे.

तिच्यासाठी म्हणून एक घर डोळ्यांपुढे आणू या. असे घर आपल्या कोणत्याही धर्मग्रामात सापडेल. बाप दारूपायी चाळिशीत गेला. आईने शिर्डीतील लॉजच्या चादरी धुऊन दोन मुलगे वाढवले. थोरला शिकून पुण्याला नोकरीला लागला. धाकटा बापाच्या वाटेला गेला होता. फादरांच्या आणि आईच्या प्रयत्नांनी त्याने सोडून आता आठ महिने झाले आहेत. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा आटोपून सर्व घरी येतात. थोरला बॅगेतून एक सुंदर बाटली काढतो. तीवर बागेचे नाव आहे, फळाचे चित्र आहे. आईचा चेहरा पाहून तो घाईने म्हणतो, "आई, ही दारू नव्हे गं. क्राफ्ट सायडर आहे, सफरचंदाचा रस. बिअरएवढीसुद्धा चढत नाही." आई बुचापाशी नाक नेते, बाटली खाली ठेवते आणि म्हणते, "बाळा, वास तोच आहे."

या घरात खोटे कोणीच बोललेले नाही. मुलाला जे दिसते ते खरे आहे: पेय सौम्य आहे, निगुतीने केले आहे, आणि ते त्याने प्रेमाने आणले आहे. आपल्या नव्या जगातील एक चांगली वस्तू आईच्या मेजावर ठेवावी, एवढीच त्याची इच्छा आहे. आईला जे कळते तेही खरे आहे. तिच्या लेखी त्या वासाला वीस वर्षांचा इतिहास आहे. आणि मेजाच्या टोकाला धाकटा बसला आहे; तो बोलत नाही, पण बाटलीकडे पाहतो आहे. मुलाचे ज्ञान पेयाविषयी आहे. आईचे ज्ञान मेजाविषयी आहे. आणि नीतीचा निर्णय पेयाकडे पाहून होत नसतो. तो मेजाभोवती कोण बसले आहे हे पाहून होतो.

संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्तसभेला हेच सांगितले होते. मूर्तींना वाहिलेले मांस खाण्यात स्वतः काही दोष नाही, हे त्याला मान्य होते. ज्यांना हे कळले होते ते आपल्या ज्ञानाच्या बळावर निःशंकपणे खात. पौल त्यांना खोटे ठरवत नाही. तो एवढेच विचारतो की तुमच्या या ज्ञानामुळे दुर्बल बंधू कोसळला तर त्या ज्ञानाचे काय करायचे? रोमकरांना लिहितानाही, भावाला अडखळण होईल असा द्राक्षारस न पिणेच बरे, असे तो सांगतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हाच पौल तिमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. त्याच्या लेखी स्वातंत्र्य खरे आहे. ते प्रेमासाठी बाजूला ठेवता येणे, ही त्या स्वातंत्र्याची सर्वांत वरची पायरी आहे.

त्याच करिंथकरांना तो आणखी एक कठोर शब्द ऐकवतो. तुम्ही प्रभुभोजनाला एकत्र येता, पण तुमच्यातला एक उपाशी राहतो आणि दुसरा मद्याने धुंद होतो, असे तो म्हणतो. त्या द्राक्षारसाच्या प्रतीविषयी पौल एक अक्षर लिहीत नाही. तो कदाचित फार उत्तम असेल. त्या मेजावर दोष होता तो एवढाच की तेथे सर्वजण नव्हते.

तेव्हा आम्ही आमच्या वाचक कुटुंबांपुढे काय ठेवावे? सरसकट बंदी ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि काना गावच्या प्रभूपुढे तशी बंदी टिकणारही नाही. पण तीन साध्या गोष्टी मागता येतील. पहिली, वस्तूला तिच्या नावाने हाक मारावी. सायडर हे मद्य आहे, फळाचे असले तरी आणि हाताने केलेले असले तरी. 'ही दारू नव्हे' या तीन शब्दांनी आपल्या घरांचे जितके नुकसान केले आहे तितके कदाचित दारूनेही केले नसेल. कारण ज्याला दारू म्हटलेच नाही त्याचे प्रमाण कोणी मोजत नाही. दुसरी, लग्नात, बाप्तिस्म्याच्या जेवणात, सणाच्या मेळाव्यात न पिणाऱ्याला कारण विचारू नये. सरबताचा पेलाही त्याच ताटातून, त्याच मानाने यावा. आठ महिने सोडलेल्या माणसाला चारचौघांत 'एवढ्याने काय होते' म्हणणे हा थट्टेचा विषय नाही, ती त्याच्या जखमेवरची खपली काढणे आहे. आयर्लंडमध्ये कपुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी 1838 पासून लक्षावधी लोकांना मद्यत्यागाची शपथ दिली. ज्यांना गरज नव्हती अशांनीही ती घेतली, आणि त्यामुळे गरज असणाऱ्याला एकटे पडावे लागले नाही. डब्लिनचा मॅट टॅल्बॉट हा साधा मजूर तरुणपणीच मद्याच्या पूर्ण आहारी गेला होता. शपथ घेऊन तो सुटला आणि 1925 मध्ये मरेपर्यंत ती त्याने पाळली. ख्रिस्तसभेने 1975 मध्ये त्याला पूजनीय म्हणून घोषित केले. आपल्यातील एखाद्या धाकट्या भावाला असे उदाहरण सांगता येते. त्याहून अधिक म्हणजे, त्याच्या शेजारी बसून आपला पेला न भरता ठेवता येतो.

तिसरी गोष्ट न्यायाची. हातांचा मान करावयाचा तर तो सर्व हातांचा करावा. जे पेय छोट्या बागेचे म्हणून महाग विकले जाते, त्यातील किती पैसा बागेत पोचतो, हा प्रश्न ग्राहकाने विचारावा. पेरूचा भाव पडला म्हणजे रस्त्याच्या कडेला फळ तसेच टाकून देणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या फळाचा रस, जेली, किंवा पुढेमागे कायदेशीर परवान्याने वाइनही करता आली, तर त्यात आम्हाला आनंदच आहे. पण 'शेतकऱ्यासाठी' म्हणून विकलेल्या बाटलीने शेतकऱ्याचेच घर उद्ध्वस्त होऊ नये, याची काळजी विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही वाहिली पाहिजे.

शेवटी एक गोष्ट आठवते. धर्मविधिसंहितेच्या 924 व्या नियमानुसार मिस्सेसाठी लागणारा द्राक्षारस हा द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा लागतो. सफरचंदाचे सायडर कितीही उत्तम असले तरी ते वेदीवर चालत नाही. पेरूचे, चिकूचे किंवा मधाचे पेयही चालत नाही. हा त्या फळांचा अपमान नव्हे. प्रभूने त्या रात्री जे हाती घेतले तेच आपण हाती घेतो, एवढाच त्याचा अर्थ. परंतु तो द्राक्षारस अर्पण करताना धर्मगुरू ज्या शब्दांत प्रार्थना करतात, त्यांत वेलीच्या फळाबरोबर माणसाच्या हातांच्या श्रमांचाही उल्लेख असतो. म्हणजे हाताची कारागिरी वेदीपर्यंत येते. तिला तेथे मान मिळतो. मात्र ती तेथेच थांबत नाही. ती एका पेल्यात ओतली जाते, आणि तो पेला सर्वांसाठी असतो.

पुढच्या नाताळात त्या घरातील थोरला मुलगा पुण्याहून येईल तेव्हा बॅगेत काय असेल, हे आम्ही सांगू शकत नाही. कदाचित तो राहात्याला एस. टी.तून उतरेल, रस्त्यालगतच्या ढिगातून टोपलीभर पेरू घेईल आणि घरी आल्यावर ते कापून, मीठ-तिखट लावून, आधी धाकट्याच्या हातावर ठेवील. आई त्याला काही म्हणणार नाही. पण त्या मेजावर त्या रात्री तिघेही बसलेले असतील.